एकेचाळीस दिवसांचा हिशेब

कोर्टाचा माणूस घरी येऊन गेल्याचं मला दीड महिन्याने कळलं. नाशिकमध्येच मी बहुतेक दिवस पाथर्डी फाट्याला असतो, आई आमच्या मखमलाबादच्या घरी. १२ जून २०२४ ला बेलिफ आला, आईने सही केली आणि पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात, लाइट बिलांच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. २८ जुलैच्या रविवारी मी एक जुनं बिल शोधत होतो, तेव्हा ते हाती लागलं. चुलतभावाने जमिनीच्या वाटपाचा दावा लावला होता.

"अगं, हे कधी आलं?"

"आला होता कोणीतरी कोर्टाचा. तुला सांगायचं राहिलं बघ."

माझा समज असा, की मला मिळालं त्या दिवसापासून मुदत मोजतात. वकील मॅडमनी तो पहिल्याच भेटीत मोडून काढला. मी घरी नसताना, सोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाने समन्स घेतलं तर ते मलाच मिळालं असं धरता येतं. म्हणजे कैफियतीचे, दाव्याला लेखी उत्तर देण्याचे, ३० दिवस १२ जुलैलाच संपले होते. त्यापुढे कोर्ट कारणं नोंदवून मुदत वाढवू शकतं, पण समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांपर्यंत. ते १० सप्टेंबरला भरत होते.

५ ऑगस्टला वकीलपत्र लावून मुदत घेतली. आमच्या बाजूचा सगळा भर आजोबांच्या काळातल्या तोंडी वाटपावर, आणि त्याचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, हाताने लिहिलेले. १२ ऑगस्टला नकलेचा अर्ज दिला, नकला मिळाल्या ६ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी गणपती बसले. मी सोसायटीच्या मंडळाचा खजिनदार! पावतीपुस्तकं, मांडववाल्याचे पैसे, विसर्जनाचा ट्रॅक्टर. १० सप्टेंबर कधी आला आणि गेला, खरंच लक्षात राहिलं नाही. १९ तारखेला निशाणी १ वर, म्हणजे मूळ दाव्यावर, 'नो डब्ल्यूएस' (रिटन स्टेटमेंट, म्हणजे कैफियत, नाही) असा हुकूम झाला. म्हणजे दावा माझ्या कैफियतीविना पुढे चालणार. २३ तारखेला आई न्हाणीघरात घसरली, मांडीचं हाड मोडलं. ५ ऑक्टोबरपर्यंत मी दवाखान्यात.

मॅडमनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "१२ जूनपासून आजपर्यंत तारखा लिहा. प्रत्येक तारखेपुढे काय केलं ते, आणि त्याचा कागद काय आहे ते." नकलेच्या अर्जाची पोच होती, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड होतं. ७ ते १७ सप्टेंबरपुढे मात्र काहीच नव्हतं. मी म्हणालो, ताप होता असं लिहू का? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शपथपत्र आहे हे. गणपतीच्या कामात होतो, चूक झाली, असंच लिहा." मला ते फार बावळटासारखं वाटलं होतं.

२१ ऑक्टोबरला अर्ज दाखल केला: नो डब्ल्यूएसचा हुकूम रद्द करावा आणि कैफियत दाखल करून घ्यावी. सोबत तयार कैफियतही जोडली. नुसता अर्ज देऊन 'कैफियत मागाहून देतो' म्हणणारे इथे बरेच दिसतात. कोर्टाला ते आवडत नाही, आणि का आवडावं? ९० दिवसांवर ४१ दिवस झाले होते.

समोरच्या वकिलांनी 'से', म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, दिला: केवळ दावा लांबवण्यासाठी अर्ज, नामंजूर व्हावा. युक्तिवाद डिसेंबरात झाला. सीबीएस बस स्टँडजवळच्या कोर्टातली ती छोटी खोली, बाकावर जागा नाही, मी दाराशी उभा. मॅडमनी सर्वोच्च न्यायालयाचा कैलाश विरुद्ध नन्हकू हा २००५ चा निकाल दाखवला. ९० दिवसांची मर्यादा वाचायला कडक असली तरी ती कामकाजाची रीत आहे. अपवाद म्हणून, कारणं नोंदवून, कॉस्ट (समोरच्याला द्यायचा खर्च) लावून कोर्ट नंतरही कैफियत घेऊ शकतं. समोरून सर्वोच्च न्यायालयाचाच २०१८ चा अ‍ॅटकॉमचा निकाल आला: अशी सूट सरसकट द्यायची नसते. दोन्ही खरेच. म्हणून सगळं माझ्या त्या कागदावर येऊन ठेपलं.

न्यायाधीशांनी डिस्चार्ज कार्ड उलटून पाहिलं, तारखा जुळवल्या. मग विचारलं, "हे गणपतीचे अकरा दिवस?" मॅडम म्हणाल्या, "कारण नाही, सर. शपथपत्रात तसंच लिहिलंय." ते काहीतरी लिहीत राहिले. मला घाम फुटला होता.

अर्ज मंजूर झाला. २,००० रुपये कॉस्ट, पुढच्या तारखेच्या आत वादीला द्यायची, नाहीतर कैफियत वाचली जाणार नाही. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, हाच व्यापारी स्वरूपाचा, कमर्शियल कोर्टातला दावा असता तर १२० दिवसांनंतर न्यायाधीशांच्याही हातात काही नसतं. आमचे १३१ झाले होते.

पैसे चुलतभावाच्या वकिलांकडे दिले, पावती घेतली, पैसे दिल्याचं कोर्टाला कळवणारी पुरसिस दाखल केली. भाऊ शेजारीच उभा होता. दावा लागल्यापासून आम्ही बोललो नव्हतो. पावतीवर सही होईपर्यंत तो भिंतीवरचा बोर्ड वाचत राहिला, मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काकूचा पाय कसाय?"

"काठी घेऊन चालते," मी म्हणालो.

पुढची तारीख मुद्दे काढण्यासाठी, म्हणजे वाद नेमका कशावर आहे ते कोर्टाने ठरवण्यासाठी, लागली आहे.