कुंभार, वारूळ आणि देव

मी तर्कशास्त्र शिकवते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. लग्नाच्या पंगतीत येतो, एसटीत शेजारी बसलेल्या बाईंकडून येतो, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांकडून तर दरवर्षी येतोच: "मॅडम, देव आहे हे सिद्ध करता येतं का?" विचारणाऱ्याला कोणतं उत्तर हवंय ते बहुतेकदा आवाजावरूनच कळतं, आणि मग घाईघाईत काहीतरी अर्धवट बोललं जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

आधी माझं मत. मी आजवर वाचलेल्या एकाही युक्तिवादानं देव सिद्ध होत नाही, असं मला वाटतं. पण म्हणून ते युक्तिवाद टाकाऊ आहेत असं कोणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडेन.

आपल्याकडचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचा. घडा दिसला की तो घडवणारा कुंभार असणार, हे वेगळं सांगावं लागत नाही. घडा हे कार्य, म्हणजे कधीतरी निर्माण झालेली गोष्ट, आणि कार्याला कर्ता असतो. जमीन, डोंगर, मातीतून वर आलेला अंकुर हीही कार्यंच. मग त्यांनाही कर्ता हवा, आणि एवढा पसारा मांडणारा कर्ता सर्वज्ञच असला पाहिजे. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या सुमारास 'न्यायकुसुमांजली'त ईश्वराची प्रमाणं एका श्लोकात ओळीनं गुंफली, त्यात पहिला मान या 'कार्या'ला आहे. त्यांची एक आख्यायिका सांगतात. ते जगन्नाथपुरीला गेले तेव्हा देवळाचं दार बंद होतं. तेव्हा ते देवालाच म्हणाले, ऐश्वर्याच्या मदात तू माझी अवज्ञा करतोस, पण बौद्ध समोर उभे राहिले की तुझं असणं माझ्या हातात आहे! कथा खरी असो वा नसो, मला तिच्यातला माणूस फार आवडतो. श्रद्धेला पुरावा लागत नाही, असं म्हणून तो बाजूला होत नाही. पुरावा मागताय ना, घ्या, म्हणतो.

आता समोरची बाजू. तिचं उत्तर उदयनांच्याही तीनेकशे वर्षं आधी, सातव्या शतकात, बौद्ध पंडित धर्मकीर्तीनं देऊन ठेवलं होतं, आणि त्यासाठी त्यानं उदाहरण घेतलं वारुळाचं. मातीची रचना दिसली की कुंभार मानायचा, तर वारूळही कुंभारानंच केलं म्हणावं लागेल. माझ्या आजोळी शेताच्या बांधावर एक वारूळ होतं, माझ्या खांद्याएवढं. नागपंचमीला बायका त्याला हळदकुंकू वाहायच्या, लाह्या ठेवायच्या, फेर धरायच्या. दगडासारखं टणक, वर निमुळते बुरूज, मधे भोकं. कुणा कारागिराला जमणार नाही असं काम. आणि ते केलेलं वाळवीनं. घडा पाहून कुंभार कळतो, कारण घडा घडताना आपण पाहिलेला असतो. डोंगर घडताना कोणी पाहिला?

वर्गात मी वाईच्या घाटाचं उदाहरण घेते. धूर दिसला की अग्नी आहे हे अनुमान बरोबर. पण म्हणून दरीत पांढुरकं काहीतरी दिसलं की आग लागली म्हणायचं का? पहाटे तिथे नुसतं धुकं असतं. धर्मकीर्तीचाही मुद्दा हाच: पांढुरकेपणावरून अग्नी ठरत नाही, धूर धूर म्हणून ओळखता आला पाहिजे. तसा 'कार्य' हा शब्द घड्याला लावला आणि डोंगरालाही लावला, एवढ्यानं दोन्ही एका जातीचे ठरत नाहीत.

इथे टाळ्या वाजवून थांबू नका, असं मी मुलांना सांगते. कारण नैयायिक गप्प बसत नाही. तो विचारतो, इतका काटेकोरपणा धरलात तर अनुमान करायचंच कसं? चुलीवरचा धूर आणि वणव्याचा धूर तरी कुठे एकसारखा असतो? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. शेवटी मी बौद्धांच्या बाजूनं गेले, पण सहज गेले नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना चकित करते. वेदाला सर्वस्व मानणाऱ्या, यज्ञाचा काटेकोर अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनीही सृष्टिकर्ता देव नाकारला. त्यांच्यातला कुमारिल भट्ट विचारतो की जग नव्हतं तेव्हा देवाला शरीर कुठून आलं, आणि दयेपोटी निर्माण केलं म्हणता तर इतकं दुःख कशाला? तरीही तो आस्तिक, कारण मनुस्मृतीची व्याख्या 'नास्तिको वेदनिंदकः' अशी आहे. आज आपण आस्तिक-नास्तिक म्हणून ज्या दोन छावण्या मांडतो, त्यांची सीमा तिथे नव्हतीच.

या वादात मी पडले ती मात्र ग्रंथांमुळे नाही, 21 सप्टेंबर 1995 मुळे. पितृपंधरवडा चालू होता. दुपारी गल्लीत ओरड झाली की गणपती दूध पितोय. आई वाटी-चमचा घेऊन निघाली, मागोमाग मी. रांग चौकापर्यंत होती. आईची पाळी आली, तिनं सोंडेला चमचा टेकवला आणि दूध खरंच कमी होऊ लागलं. मी वाकून पाहिलं तर मूर्तीच्या पोटावरून एक पातळ ओला पापुद्रा खाली सरकत होता. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून हेच दाखवलं: पृष्ठताणामुळे दूध दगडावर ओढलं जातं आणि ओघळतं. आईला मी काही बोलले नाही. घरी आल्यावर तिनं आपणहून वरवंटा उभा केला आणि त्याला चमचा टेकवला. वरवंटाही दूध प्यायला. ती बराच वेळ बघत राहिली, मग वरवंटा धुऊन जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी देवळात गेली. दूध नेलं नाही, जास्वंद नेली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. दगड दूध पितो, नवसानं आजार बरा होतो, हे जगाबद्दलचे दावे आहेत. ते तपासलेच पाहिजेत, कारण त्यापायी माणसं दवाखान्यात उशिरा पोचतात. आईच्या जास्वंदीत मात्र असा दावाच नव्हता, तिथे मी पुरावा काय मागू?

डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर एकाच व्यासपीठावर बसून या विषयावर बोलत. लागू म्हणत, देव नाहीच. दाभोलकर म्हणत, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाला विरोध नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. दोघांत खरा मतभेद होता आणि तो लोकांसमोर मांडायची त्यांना भीती वाटत नव्हती. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो दिवस आठवला की अजून घसा दाटतो. मतभेद असा उघड मांडायची रीत आपल्याकडे जुनी आहे. विक्रमशिलेच्या रत्नकीर्ती या बौद्ध पंडितानं अकराव्या शतकात 'ईश्वरसाधनदूषण' हा अख्खा ग्रंथ देवाच्या प्रमाणांविरुद्ध लिहिला, आणि त्याचा सुरुवातीचा मोठा भाग त्यानं नैयायिकांची बाजू मांडण्यात खर्च केला. याला पूर्वपक्ष म्हणतात. आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडायचं, मग खोडायचं.

म्हणून माझ्या वर्गात बाजू अदलाबदल करून वाद होतो. देव मानणाऱ्यानं रत्नकीर्ती व्हायचं, न मानणाऱ्यानं उदयन. यंदा एका मुलीच्या वाट्याला बौद्धांची बाजू आली. आजीबरोबर वारी चालणारी मुलगी, गळ्यात तुळशीची माळ. तिनं वारूळ मांडलं, धुकं मांडलं, आणि चुलीच्या धुराचा आक्षेप आला तेव्हा माझ्यापेक्षा नेमकं उत्तर दिलं. तास संपला, मुलं बाहेर पडली, ती वही छातीशी धरून टेबलाजवळ थांबली.

"मॅडम, आता उदयनाची बाजू मला कधी मिळेल?"

मी तिला पुढचा गुरुवार दिला.