रवांडाची कॉफी, खेप तीन ते सात: बटाट्याचा वास

दक्षिण रवांडातल्या हुये भागातल्या एका शेतकरी सहकारी संस्थेची पाच किलो कच्ची कॉफी मागवली, त्याला सहा आठवडे झाले. रेड बूरबाँ जातीची, वॉश्ड, म्हणजे फळाची साल काढून, धुऊन वाळवलेली. पिशवीवर उंची १८०० मीटर लिहिली आहे. दाणे बारीक, गोलसर आणि हाताला कडक लागतात. दर खेपेला १५० ग्रॅम भाजतो.

पहिल्या दोन खेपा शिकण्यात गेल्या. पहिली फर्स्ट क्रॅकनंतर, म्हणजे भाजताना दाणे पहिल्यांदा तडतडल्यानंतर, ४० सेकंदांतच उतरवली, तिला कच्च्या शेंगदाण्याची चव आली. दुसरी अडीच मिनिटं ठेवली आणि संत्र्याचा गंध जळून गेला. तिसरीपासून मात्र गणित जमलं. क्रॅक ९ मिनिटं १० सेकंदांना, पुढे १ मिनिट २५ सेकंद, उतरवल्यावर वजन १३० ग्रॅम. चार दिवस मुरू दिली. मग १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, ९३ अंश. आधी काळा चहा, मग संत्र्याची साल, आणि कप कोमट झाल्यावर पिकल्या करवंदाचा आंबटगोडपणा. हा कप मी घाई न करता, खिडकीशी बसून प्यायलो.

चौथी खेप हुबेहूब तशीच भाजली. तिसऱ्या कपाला ग्राइंडरचं झाकण उघडलं आणि नाकात थेट कच्च्या बटाट्याचा वास आला. उन्हाळ्यात आई बटाट्याचा कीस करायला बसायची, तेव्हा सोललेल्या बटाट्यांच्या पातेल्यातून यायचा, अगदी तोच. भाजण्यात चुकलं असं वाटून नोंदी दोनदा तपासल्या. चूक माझी नव्हती.

रवांडा आणि बुरुंडीच्या कॉफीत हा दोष अधूनमधून सापडतो. अँटेस्टिया नावाचा ढेकणासारखा किडा झाडावरच्या चेरीला, म्हणजे कॉफीच्या फळाला, सोंड खुपसतो, आणि त्या जखमेशी या वासाचा संबंध जोडला जातो. वास मेथॉक्सीपायराझीन जातीच्या रसायनाचा, तेच कच्च्या बटाट्यातही असतं. तब्येतीला अपाय काही नाही, पण एक दाणा अख्खा कप बिघडवतो. बऱ्याचदा असा दाणा दिसायला इतरांसारखाच असतो. भाजून, दळल्याशिवाय तो कळत नाही.

म्हणून तिथे कॉफी निवडणाऱ्या माणसांच्या हातांबद्दल मला फार वाटतं. चेरी पाण्यात टाकून तरंगणारी बाजूला काढतात, कारण कीड लागलेली चेरी बहुधा हलकी असते. साल काढून, आंबवून, धुऊन झाल्यावर बिया उंच मांडवांवर वाळत घालतात, आणि मुख्यतः बायका तासन्‌तास तिथे उभ्या राहून एकेक खराब बी वेचतात. ऊन चढलं की झाकायचं, पाऊस आला की झाकायचं, मधूनमधून हात फिरवायचा. ज्यांनी घरी वाळवणं राखली आहेत त्यांना यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत.

या भागात ही शिस्त सहकारातून आली. १९९४च्या तुत्सींच्या वंशसंहारात घरंच्या घरं संपली, मळे ओस पडले. १९९९ साली हुयेतल्याच मराबाच्या शेतकऱ्यांनी ‘अबाहुझामुगाम्बी’ ही संस्था उभी केली. त्यांत वैधव्य आलेल्या बाया पुष्कळ होत्या. तोवर शेतकरी घरीच चेरी सोलायचे आणि व्यापारी देईल तो भाव घ्यायचे. २००१ मध्ये त्यांचं पहिलं धुण्याचं केंद्र सुरू झालं, आणि २००३ साली मराबाची कॉफी इथे ब्रिटनमध्ये सुपरमार्केटच्या फळीवर होती. फक्त चार वर्षांत! पुढे २००८ मध्ये कप ऑफ एक्सलन्स ही स्पर्धा भरवणारा रवांडा हा आफ्रिकेतला पहिला देश ठरला. हे सगळं माहीत असताना एका बटाट्याच्या कपासाठी या कॉफीला नावं ठेवणं मला जमत नाही. दोषाच्या भीतीने आपण खरेदी थांबवली, तर फटका वेचणाऱ्या हातांनाच बसतो.

माझी पद्धत तेवढी बदलली. आठवड्याची कॉफी एकदम दळत नाही. पाहुणे आले आणि ६० ग्रॅम लागली, तर १५-१५ ग्रॅमचे चार वाटे वेगवेगळे दळतो, प्रत्येक वाटी हुंगतो, मगच एकत्र करतो. बटाटा निघाला तर ती वाटी टाकायची आणि पाच ग्रॅम चांगले दाणे दळून फेकायचे, म्हणजे ग्राइंडरमध्ये वास राहत नाही.

तिसरी ते सातवी मिळून ४० कप झाले. बटाटा दोनदा: चौथ्या खेपेत एक, सहाव्या खेपेत एक. बाकीचे ३८ स्वच्छ, आणि त्यांतला सातव्या खेपेचा पाचवा कप या पिशवीतला आत्तापर्यंतचा सर्वांत गोड. तेव्हा पाणी ९१ अंशांवर होतं. आठवी खेप रविवारी भाजणार आहे, भाजण्याचं वेळापत्रक तेच ठेवून सगळे कप ९१वरच करून बघतो.