दुखायचं थांबलं म्हणून सगळे निर्धास्त होते

मे महिन्यात कोकणातल्या सरकारी हॉस्पिटलात नाइट केली असेल त्याला विंचवाच्या केसेसचं सांगायला नको. आगोटीची लाकडं रचायची असतात, कौलं परतायची असतात आणि सुट्टीला आलेली पोरं दिवसभर अनवाणी हिंडत असतात. बरेचसे पेशंट बोंब मारतच येतात, बोट धरून नाचत येतात, त्यांना दुखण्याचं औषध द्यायचं, रात्रभर नजरेखाली ठेवायचं, सकाळी घरी. नर्स म्हणून ओरडणाऱ्या पेशंटची मला तेवढी काळजी वाटत नाही. ज्याला दुखत नाहीये पण घाम फुटलाय त्याच्याकडे मी आधी धावते.

ही पोर तशी होती. पाच वर्षांची, मुंबईहून आजोळी आलेली, छकुली म्हणू. संध्याकाळी सहाच्या सुमारास आजीने लाकडं उचलायला बरोबर नेली आणि तिथेच बोटाला चावला. पहिले काही मिनिटं किंचाळली, मग भगताकडे नेलं, त्याने उतरवला आणि खरंच तासाभरात तिचं दुखायचं थांबलं. सगळे निर्धास्त. मग उलट्या सुरू झाल्या म्हणून जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे एव्हिल आणि डेक्सोना ही अ‍ॅलर्जीवरची औषधं दिली, सलाइन लावलं, कागदावर बीपी १०८ लिहिलं. आई सारखी म्हणत होती की ही कधी एवढी गप्प नसते हो, तर तिला उत्तर मिळालं, शांत झाली ना, मग बरंय की. ती बाई घरी जायलाच तयार होईना म्हणून शेवटी आमच्याकडे पाठवलं. साडेनऊ झाले होते.

फ्रॉक ओलाचिंब, केस कपाळाला चिकटलेले, तोंडातून लाळ, डोळे उघडे पण कशातच लक्ष नाही. अशा मुलाला मी मॉनिटर लावायच्या आधी हात लावते. तळहात नाही, हाताची मागची बाजू, तिला गार-गरम जास्त नीट कळतं. बोटांच्या टोकापासून वर सरकत जायचं आणि जिथे गार संपून ऊब लागते तिथे पेनाने कातडीवर रेघ मारून वेळ लिहायची. छकुलीची रेघ कोपरावर आली, पायाला गुडघ्यावर. नाडी दीडशेच्या वर. श्वास पूर्ण मिनिटभर मोजला, ४४. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय आहे बऱ्याच जणींना, आजारी मुलाच्या बाबतीत मला ती अजिबात मान्य नाही.

आणि बीपी. आमच्याकडे लहान मुलांचा कफ आहे, मी तो कुलपात नाही, ट्रेमध्ये वरच ठेवते. दंडाच्या लांबीचा दोन तृतीयांश भाग झाकला पाहिजे. मोठ्या माणसाचा कफ लहान मुलाच्या दंडाला गुंडाळला की बीपी खरं असतं त्यापेक्षा कमी येतं. आमच्या कफवर १३२/९० आलं. पाच वर्षांच्या पोरीचं! आधीच्या ठिकाणी मोठा कफ होता हे आईनेच सांगितलं, हाताला तो दोनदा वेढा बसला म्हणे. मोठ्यांसाठी नॉर्मल वाटणारा एक आकडा कागदावर चढला आणि पुढे कुणी विचारच केला नाही, याचा मला अजून राग येतो.

तांबड्या विंचवाचं विष मज्जातंतूंवर जातं, अंगात अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हात-पाय गार पडतात, हृदयावर ताण येतो आणि मग फुप्फुसात पाणी भरायला लागतं. हे ओळखायचं कसं आणि उपाय काय, हे जगाला आपल्या रायगडातून कळलं. महाड-बिरवाडीकडे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकापासून हे पेशंट बघत, नोंदी ठेवत गेले, १९८० च्या दशकात बीपीवरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरायला लागले आणि जिथे अशा गंभीर पेशंटांपैकी शंभरात तीसेक जायचे तिथे ते प्रमाण एखाद्यावर आलं. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या ड्युटीवर होते ते बाँडवाले डॉक्टर, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करणारे, विदर्भातले, नुकतेच रुजू झालेले, त्यांनी न लाजता विचारलं, सिस्टर तुमच्याकडे प्रोटोकॉल कुठे लावलाय? भिंतीवरचा कागद नीट वाचला, ऑर्डर लिहिली. असे विचारणारे डॉक्टर मला हजारदा चालतात.

आता गोळीचं. स्टोअरला प्राझोसिन मागितली की बहुतेक वेळा एक्सएल हातात येते, मोठ्यांची, सावकाश विरघळणारी. ती फोडून मुलाला देता येत नाही, सावकाश सुटायचं औषध एकदम सुटतं आणि किती गेलं त्याचा हिशोबच राहत नाही. म्हणून साध्या १ एमजीच्या गोळ्यांची स्ट्रिप मी इमर्जन्सी ट्रेमध्ये ठेवते आणि एक्सपायरी स्वतः बघते. छकुलीचं वजन काट्यावर केलं, १४ किलो. किलोला ३० मायक्रोग्रॅम म्हणजे ४२०. एक गोळी १० मिली पाण्यात, म्हणजे मिलीला १००, म्हणजे ४.२ मिली. ही गोळी पाण्यात नीट विरघळत नाही, भुकटी तळाला बसते, म्हणून ढवळत ढवळतच ओढायचं, नाहीतर नुसतं पाणी जातं. दुसऱ्या सिस्टरने माझा आकडा न बघता स्वतंत्र हिशोब केला, जुळला, मग आईच्याच हातात सुई नसलेली सिरिंज दिली आणि गालाच्या कडेने थोडं थोडं सोडायला लावलं. माझ्याकडून तोंड घट्ट मिटणारी पोर आईकडून प्यायली. डॉक्टरांनी हाफकिनचं विंचवाचं अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, तेही सुरू केलं. ते प्राझोसिनच्या जोडीने दिलं तर पेशंट लवकर सावरतो, हेही महाडच्याच २०११ च्या अभ्यासातलं.

खरी कसोटी पुढे होती. प्राझोसिन दिल्यावर मुलाला उचलायचं नाही, कडेवर घ्यायचं नाही, उभं करायचं नाही, बीपी एकदम पडू शकतं. आणि समोर आई, जिला पोरीला छातीशी धरण्यावाचून काही सुचत नाहीये. नियमाप्रमाणे नातेवाइकाने स्टुलावर बसायचं, बेडवर नाही. मी तिला बेडवर चढवलं. म्हटलं ताई, उचलू नकोस, तूच तिच्या बाजूला झोप, तुझा हात तिच्या पोटावर ठेव. श्वास जोरात वाटला, खोकला आला की मला हाक मार. आणि अजून एक नीट ऐक, हिचं बोट परत दुखायला लागेल, जोरात दुखेल, रडेल, तेव्हा घाबरू नकोस, ते आपल्याला हवंच आहे. विष उतरणीला लागलं की गेलेलं दुखणं परत येतं.

आजीला हे पटलं नाही. तिला कशाला पटेल, पोरीला लाकडांकडे आपण नेलं हेच ती भिंतीला टेकून पुटपुटत होती. तिला मी रेघेचं काम दिलं. दर अर्ध्या तासाला मी नाडी, बीपी, श्वास बघायचे तेव्हा आजीने नातीचा हात चाचपून गार कुठपर्यंत ते दाखवायचं. दोन-तीन वेळा झाल्यावर ती माझ्याआधीच उठून उभी राहायला लागली.

बाराच्या सुमारास छातीत तळाला बारीक आवाज यायला लागले, म्हणजे फुप्फुसात पाणी भरायला लागलं, श्वास ५० वर गेला. डोक्याकडची बाजू वर केली, ऑक्सिजन लावला, मास्क ती ओढून टाकत होती म्हणून आईने तो नाकासमोर धरून ठेवला. डोब्युटामिन, हृदयाला जोर देणारं औषध, हिशोब करून सिरिंज पंपात भरून ठेवलं, डॉक्टर स्टूल घेऊन तिथेच बसले. पाऊणला प्राझोसिनचा दुसरा डोस. रेघ मनगटाकडे सरकत होती पण आवाज कमी होत नव्हते. तो तासभर आम्ही कुणीच फारसं बोललो नाही. दोन वाजायच्या आसपास श्वास ४० च्या खाली आला. पंपाला हात लावावा लागला नाही.

सव्वादोनला वॉर्ड दणाणला. छकुली बोट धरून किंचाळत होती, बाकीचे पेशंट उठून बसले, आजी ओरडली, परत चढला गो बाय! आणि आई रडत रडत हसत होती, सिस्टर दुखतंय तिला, दुखतंय! हात मनगटाच्याही खाली गरम आणि कोरडे. मग लगेच पॅरासिटामॉल, आणि डॉक्टरांनी बोटाच्या मुळाशी प्लेन लिग्नोकेनचा ब्लॉक, म्हणजे बोट बधिर करणारं इंजेक्शन, दिला. दुखणं ही चांगली खूण असली तरी ते पोराने सोसत बसायचं कारण नाही, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच ‘रडू दे जरा’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

तिसऱ्या दिवशी ती चालत गेली. माझ्या डोक्यातून मात्र आईचं वाक्य जात नाहीये, ही कधी एवढी गप्प नसते. दवाखान्यात त्या रात्री सगळ्यात अचूक निरीक्षण तेच होतं आणि ते कागदावर कुठेच नव्हतं. इंग्लंडमध्ये २०२३ पासून लहान मुलांच्या चार्टवर आई-वडिलांना काळजी वाटतेय का याला स्वतःची जागा आहे. आमच्या चार्टवर नाही. मी आता नोट्समध्ये पहिल्याच ओळीला ते आईच्याच शब्दांत लिहिते. एकदोघांनी नावं ठेवली, हे काय मेडिकल आहे का म्हणून. आहे.

दुसरी गोष्ट भगताची. आमच्याकडे भगताचं नाव निघालं की नातेवाइकांवर तोंडसुख घेतात, त्याने पुढच्या वेळी लोक सांगतच नाहीत, आणि चावून किती वेळ झाला ते चुकीचं कळतं. मी छकुलीच्या मामाबरोबर त्याला निरोप धाडला: दुखायचं थांबलं तरी हात-पाय गार आणि अंगाला घाम असेल तर उतरला समजू नका, तिथूनच गाडीला फोन करा. आमच्या इन्चार्ज सिस्टरना हे आवडलेलं नाही, आपण त्याला मान देतोय म्हणतात. गावात पहिला हात तोच लावतो, म्हणून आशाताईला मी परत एकदा त्याच्याकडे जायला सांगितलंय.