फॉक्स मस्टँगचा मागचा ॲक्सल, भाग ४: ठसा बसला एकदाचा!

मंडळी, खूप दिवसांनी अपडेट टाकतोय कारण मार्च-एप्रिल अख्खा ह्या एका ॲक्सलमध्येच गेला. आता गाडी चारही चाकांवर उभी आहे, डिफचा (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीचा) आवाज बंद आहे आणि मी खूश आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो. ज्यांना फोर्डचा ८.८ इंची ॲक्सल उघडायचाय त्यांच्या उपयोगी पडेल.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. गाडी १९८९ ची फोर्ड मस्टँग एलएक्स (ह्या पिढीला फॉक्स म्हणतात), ५.० लिटर व्ही८, पाच गिअरचा टी५ गिअरबॉक्स. कंपनीतून निघाली तेव्हा २२५ हॉर्सपॉवरची होती, आता हेड्स, कॅम आणि इनटेक बदलल्यापासून मागच्या चाकांवर ३०० च्या थोडं वर मिळते. मी डेट्रॉईटजवळ राहतो, आणि ही गाडी डिअरबॉर्नच्या प्लँटमध्ये बनली, म्हणजे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. मागचा ८.८ इंची ॲक्सल फोर्ड व्ही८ मस्टँगला १९८६ पासून लावायला लागली, त्याआधी ७.५ इंची होता. ८.८ म्हणजे क्राऊनचा, ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चक्राचा व्यास; त्याला फिरवणारं छोटं चक्र ते पिनियन. क्राऊनला इथे रिंग गिअर म्हणतात, पण मी कोल्हापूरचा, माझ्या तोंडी क्राऊन-पिनियनच येणार.

उघडायचं कारण दोन. एक म्हणजे आवाज. ॲक्सिलरेटर सोडला की ४५ ते ५५ मैलांच्या मधे घुंsss असा एक सूर यायचा, पाय दाबला की गायब. आधीच्या मालकाने कुठल्यातरी गॅरेजमध्ये ३.५५ चे गिअर (चाक एकदा फिरायला पिनियन ३.५५ वेळा फिरतं) टाकून घेतले होते, तेव्हापासूनच तो सूर असणार. दुसरं कारण, मागच्या उन्हाळ्यात रस्त्यावरच्या टायरवर दोनतीनदा क्लच जोरात सोडून निघाल्यावर मागून एक टकटक यायला लागली होती.

कव्हर उघडलं, तेल काढलं, सी-क्लिप काढून हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे) बाहेर ओढले आणि उजवा शाफ्ट दिव्याखाली धरला तर बघतच राहिलो. टोकाच्या स्प्लाइन्स, म्हणजे डिफमध्ये अडकणाऱ्या खाचा, सरळ असायला पाहिजेत ना, त्या स्क्रूच्या आट्यांसारख्या किंचित पिळवटल्या होत्या. नखाने एका खाचेतून सरकत गेलं की शेवटच्या इंचात नख बाजूला वळतं. हा शाफ्ट अजून एखाद्या सीझनमध्ये तुटला असता, आणि ८.८ मध्ये शाफ्ट आतल्या टोकाला फक्त त्या सी-क्लिपने धरलेला असतो, म्हणजे तुटला तर चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर येतं. ड्रम ब्रेकवर तर त्याला अडवायलाही काही नसतं. तो शाफ्ट मी गॅरेजच्या भिंतीवर टांगून ठेवलाय.

म्हणून ठरलं की २८ स्प्लाइनवरून ३१ स्प्लाइनवर जायचं. २८ चा शाफ्ट १.२ इंचाच्या आसपास, ३१ चा १.३ च्या जरा वर. ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे नुसत्या जाडीतूनच सव्वापटीच्या वर मिळते, मटेरियल चांगलं घेतलं तर वेगळंच. शाफ्ट बदलले की डिफही ३१ चा लागतो. मी ३१ स्प्लाइनचा कार्बन क्लचवाला ट्रॅक्शन-लॉक (एकच चाक घसरून फिरू न देणारा डिफ) घेतला. ट्रूट्रॅक ह्या गिअरवाल्या डिफचा पण विचार केला होता, आत क्लचच नाहीत त्यामुळे झिजायला काही नाही, पण मला ट्रॅक्शन-लॉक उघडून परत भरता येतो, पार्ट सगळीकडे मिळतात आणि सवयीचा आहे. दोन्ही चाकं एकत्र जखडणारा लॉकर किंवा स्पूल मी रस्त्यावरच्या गाडीत कधीच लावणार नाही. पावसात वळणावर मागचं चाक काय करेल ह्याची खात्री मला पाहिजे.

बरेच जण विचारतात की फोर्डच्या एक्सप्लोरर एसयूव्हीचा ८.८ का नाही उचलला, त्यात ३१ स्प्लाइन येतात आणि १९९५ पासून डिस्क ब्रेकही. बरोबर आहे, भंगारात स्वस्तात मिळतो. पण तो लीफ स्प्रिंगसाठी बनलेला आहे, फॉक्सला ॲक्सल धरणारे चार आर्म लागतात, म्हणजे जुने ब्रॅकेट कापा, नवीन वेल्ड करा आणि सगळे कोन जुळवा. त्यापेक्षा मी माझंच हाऊसिंग ठेवलं, आणि १९९४ ते ९८ च्या मस्टँगचे ब्रेक ब्रॅकेट, १०.५ इंची डिस्क आणि त्या लांबीचे पाच बोल्टवाले शाफ्ट घेतले. चाक दोन्ही बाजूला पाऊण इंच बाहेर येतं, तेव्हा रिम घ्यायच्या आधी मोजा. पुढची बाजू मी मागच्या वर्षीच पाच बोल्टची करून ठेवली होती.

गिअर रेशो कुठला घ्यायचा ह्यावर फार चर्चा झाली होती, तर हिशोब सांगतो. माझ्या टायरचा व्यास साधारण २५.६ इंच, पाचवा गिअर ०.६८. ७० मैलांना ३.५५ वर इंजिन २२२० च्या आसपास फिरतं, ३.७३ वर २३३०, आणि ४.१० वर २५६०. मी ह्या गाडीने शिकागोला जातो, चारपाच तास सलग, त्यामुळे ४.१० नको. आणि कॅम बदलल्यापासून खालच्या गिअरला जो आळस आला होता त्याला ३.७३ ने चांगला फरक पडतो. ४१ दातांचा क्राऊन, ११ दातांचं पिनियन.

आता मुख्य भाग. पार्ट मागवायला एक संध्याकाळ लागते, सगळं काम आहे ते शिममध्ये, म्हणजे गिअर नेमक्या जागी बसवायच्या पातळ चकत्यांमध्ये.

पहिल्यांदा बेअरिंग कॅप काढण्याआधी पंचने खुणा केल्या, डावी कुठली उजवी कुठली. ह्या कॅप हाऊसिंगला लावूनच मशिन केलेल्या असतात, अदलाबदल झाली की संपलं. मग काढण्याआधी जुन्या सेटचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल लावून बघितला, १९ थाउ, म्हणजे इंचाचे १९ हजारांश. नवीन सेटला ८ ते १२ मध्ये ठेवतात. दातांवरची घासलेली चमक बघितली तर ती पार मुळाशी आणि एका टोकाला. आवाजाचं कारण तिथेच समोर दिसलं, पिनियन नको तेवढं आत बसवलं होतं आणि ती चूक झाकायला क्राऊन लांब सरकवला होता.

सेटअपसाठी एक गोष्ट जरूर करा. जुनं पिनियन बेअरिंग फेकू नका, आतून फ्लॅप व्हीलने घासून थोडं सैल करा म्हणजे हाताने चढतं-उतरतं. नाहीतर प्रत्येक वेळी शिम बदलायला प्रेसवर बेअरिंग ओढत बसाल आणि दुसऱ्या खेपेला ते बेअरिंग खराब होईल. मी हे घासायला एक अख्खा तास घेतला आणि पुढे निदान पाच तास वाचले. ह्या टप्प्यात क्रश स्लीव्हही (नट आवळताना चिरडणारी पातळ नळी) घालायची नाही, जुन्या नटने नुसता थोडा प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा ताण, येईपर्यंत आवळायचं.

पहिली जोडणी २७ थाउ शिमने केली, कारण घरात ती होती. बॅकलॅश १० थाउवर आणला. माझा मलाच आनंद झाला, आकडा तर अगदी मधोमध! मग दातांना पिवळी पेस्ट लावली, क्राऊनला लाकडाने अडवून थोडा भार दिला आणि पिनियन फिरवलं, दोन्ही दिशेला. ठसा, म्हणजे दात जिथे टेकतात ती खूण, आला पार दाताच्या वरच्या कडेला, बारीक पट्टीसारखा.

आमचे अण्णा, म्हणजे माझे चुलते, शिरोलीला ट्रकच्या गॅरेजात तीस वर्षं क्राऊन-पिनियन बसवत आलेत. त्यांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळचे साडेसात. मी बॅकलॅशचा आकडा सांगायला लागलो तर म्हणाले, "आकडं मागनं सांग रं, आदी ठसा दाव मला." फोन क्राऊनजवळ नेला. दोन सेकंद बघून म्हणाले, "दाताच्या टोकावर चाललंय बघ की. पिनियन आत घे जरा. तीन-चार थाउ घाल, मग बोल."

८.८ मध्ये पिनियनची शिम डोक्याच्या आणि बेअरिंगच्या मधे बसते, म्हणजे शिम जाड केली की पिनियन क्राऊनकडे जातं. ३० थाउ केली, ठसा खाली सरकला पण पूर्ण नाही. ३३ केली. प्रत्येक वेळी पिनियन आत गेलं की बॅकलॅशही कमी होतो, मग बाजूच्या शिम बदलून क्राऊन सरकवायचा. साधारण हिशोब असा की क्राऊन दहा थाउ सरकवला की बॅकलॅश सातेक थाउने बदलतो. एका बाजूची काढली तेवढीच दुसऱ्या बाजूला घालायची, नाहीतर बेअरिंगचा ताण जातो. कंपनीच्या बाजूच्या शिम कास्ट आयर्नच्या असतात आणि ठोकताना तुटतात, म्हणून मी स्टीलचा सेट घेतला होता. शेवटची शिम घट्टच जायला पाहिजे, प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकून. हाताने गेली तर समजा ताण कमी आहे.

तिसऱ्या जोडणीला ठसा बसला. दाताच्या वर-खालच्या बरोबर मधे, लांबट गोल, कडा मऊ, आणि ॲक्सिलरेटर सोडतानाच्या बाजूचाही तसाच. फोटो काढून अण्णांना पाठवला, त्यांनी फक्त अंगठा पाठवला. मला तेवढं पुरे होतं. बॅकलॅश १० थाउ, चार ठिकाणी मोजला, फरक एक थाउच्या आत.

मग खरं बेअरिंग प्रेसने चढवलं आणि क्रश स्लीव्ह घालून नट आवळायला घेतला, आणि इथे माझी चूक झाली. स्लीव्ह चिरडायला १४० फूट-पाउंडाच्या वर जोर लागतो, मी चार फुटी पाइप लावला होता, आणि प्रीलोड १२ इंच-पाउंडवरून एका झटक्यात ३५ वर गेला. नवीन बेअरिंगला १६ ते २८ पाहिजे. नट मागे घेऊन चालत नाही, स्लीव्ह एकदा चिरडली की चिरडली. परत सगळं काढून नवीन स्लीव्ह. दुसऱ्यांदा प्रत्येक ओढीला पाइप फक्त इंचभर हलवला आणि दर वेळी इंच-पाउंडच्या रेंचने फिरवून बघितलं, २२ वर थांबलो. तुम्ही सुरुवातीलाच दोन-तीन स्लीव्ह मागवून ठेवा, शनिवारी संध्याकाळी दुकान बंद असतं.

क्राऊनचे बोल्ट आणि बेअरिंग कॅप ७० ते ८५ फूट-पाउंडमध्ये, मी ७७ ठेवले, क्राऊनच्या बोल्टना लाल लॉकटाइट. ट्यूब मधल्या कास्ट हाऊसिंगला वेल्ड करून घेतल्या, पण हे सेटअपच्या आधी, कारण वेल्डने हाऊसिंग थोडं हलतं. आधी गरम केलं, निकेलच्या रॉडने छोटे छोटे टाके घातले आणि ब्लँकेटखाली रात्रभर हळू थंड होऊ दिलं.

आर्मबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण इथे बहुतेक लोक पैसे चुकीच्या जागी घालतात. फॉक्सचे खालचे आर्म नुसते दाबलेल्या पत्र्याचे आहेत, जोरात क्लच सोडला की वाकतात, ते बदला. पण वरच्या आर्मला कडक पॉली (पॉलीयुरेथेनचे) बुश लावू नका! ते दोन तिरके आर्म ॲक्सलला मागे-पुढेही धरतात आणि आडवंही धरतात. गाडी वळणावर कलली की त्यांना पिळावंच लागतं, रबर असेल तर पिळतात, पॉली असेल तर अडकतात आणि मग मागची बाजू एकदम सुटते. माझ्या वरच्या आर्मला नवीन रबर, हाऊसिंगच्या कानातही नवीन रबर. आणि गाडीखाली झोपलाच आहात तर टॉर्क बॉक्स बघा, जिथे आर्म बॉडीला लागतात. मिशिगनच्या मिठाने माझ्या डाव्या खालच्या बॉक्सच्या शिवणीला गंज धरला होता आणि दोन स्पॉट वेल्ड फाटले होते, तिथे मजबुतीची प्लेट घातली. हे आधी दिसलं नसतं तर सगळा नवा ॲक्सल कुजक्या पत्र्यावर टांगला असता.

ब्रेकचं फार सांगत नाही, हँडब्रेकच्या केबल वेगळ्या लागतात आणि पुढे-मागे प्रेशर नीट वाटायला व्हॉल्व्ह ॲडजस्ट करावा लागला. रेशो बदलल्यामुळे स्पीडोमीटर साधारण पाच टक्के जास्त दाखवतो, टी५ च्या शेपटीतला प्लॅस्टिकचा छोटा गिअर बदलला की झालं.

तेल पावणेदोन ते दोन लिटर जातं, त्यात ट्रॅक्शन-लॉकसाठी फ्रिक्शन मॉडिफायरची (क्लचचं घर्षण सौम्य करणाऱ्या द्रवाची) बाटली, चार औंस. विसरलात तर पार्किंगमध्ये वळताना मागून गुरगुरतं. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मैल आरामात, मग अर्धा तास थंड, असं तीनदा केलं. कव्हरला हात लावून बघत होतो, गरम होतं पण हात ठेवता येत होता.

आणि आवाज? ५५ ला पाय सोडला, रेडिओ बंद, काचा वर. काहीच नाही. फक्त टायर आणि एक्झॉस्ट. परत सोडला, परत काही नाही. तसाच पुढच्या एक्झिटपर्यंत पाय सोडत-दाबत गेलो.

आज ३१० मैल झालेत. ५०० झाले की तेल काढून चुंबकावर काय चिकटलंय त्याचा फोटो टाकतो. तोपर्यंत जोरात क्लच सोडणं नाही, कितीही मोह झाला तरी. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला) गाडी नेणार आहे, कोणी मराठी मंडळी तिकडे येणार असतील तर कळवा. पुढच्या भागात मागचे शॉक आणि स्प्रिंग, क्वाड शॉक (ॲक्सलचा हिसका दाबणारे आडवे जादा शॉक) ठेवायचे की काढायचे हे अजून ठरत नाहीये, ज्यांनी काढलेत त्यांनी कसं वाटलं ते सांगा.