खाडा

आमच्या घरमालकीण काकूंच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी जे कॅलेंडर टांगलेले आहे, त्याच्या चौकोनांत तिथी, सण आणि एकादश्या यांच्या जोडीला दुधाचा सगळा हिशेब असतो. ज्या दिवशी दूधवाला येत नाही, त्या तारखेवर काकू पेन्सिलीने एक फुली मारतात आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला त्या फुल्या मोजून, तेवढ्या दिवसांचे पैसे वजा करून उरलेली रक्कम त्याच्या हातावर ठेवतात. अशा चुकलेल्या दिवसाला आपण खाडा म्हणतो. दुधाचा खाडा, कामवालीचा खाडा, मेसचा खाडा. ज्याचा रतीब लागलेला असतो त्याचाच खाडा पडू शकतो, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. गेले दीड वर्ष मी सकाळी पळायला जाते, आणि औषधांच्या दुकानातून फुकट मिळालेल्या माझ्या खोलीतल्या कॅलेंडरवर, न गेलेल्या दिवसांच्या चौकोनांत तशाच फुल्या मारते.

मी मूळची आजरा तालुक्यातली. शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला म्हणून कोल्हापुरात आले आणि राजारामपुरीतल्या एका घरात कॉट बेसिसवर राहू लागले. सकाळी अकरापासून तास, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी जर्नल लिहिणे, आठवड्यातून एकदा सेमिनारची धास्ती, आणि या सगळ्याच्या मागे प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या सेट-नेट परीक्षांचा अभ्यास उभाच. मेसचे जेवण रात्री नऊच्या आत घ्यावे लागते, नाहीतर आमटीत नुसते पाणी उरते. या दिवसात मोकळा असा एकच तुकडा निघतो, तो पहाटे साडेपाच ते सातचा. त्या तुकड्यावर झोपेचाही हक्क आहे, आणि झोपेचा हक्क माझ्या पळण्याच्या हक्कापेक्षा फार जुना आहे.

साडेपाच ही वेळ मी ठरवलेली नाही. आमच्या फाटकाला रात्री कुलूप लागते आणि ते उघडतात काकू, अंगणात सडा घालायला बाहेर येतात तेव्हा. बादलीच्या कडीचा आवाज आला, पाणी फरशीवर पडल्याचा आवाज आला की मी बुटांच्या नाड्या बांधायला घेते. गजर मी केव्हाच लावायचा सोडला, कारण गजर बंद करता येतो आणि काकूंना बंद करता येत नाही.

रस्ता ठरलेला आहे. राजारामपुरीतून सायबर चौक, तिथून विद्यापीठ, आत शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यासमोरून झाडांमधल्या रस्त्यांनी एक फेरी आणि परत, असे मिळून साधारण पाच किलोमीटर होतात. हे विद्यापीठ 1962 साली माळावर उभे राहिले आणि त्याचा परिसर 853 एकरांचा आहे. ज्या इमारतीत मी दिवसभर परीक्षानळ्या धुते, तिच्या पलीकडे एवढे रान आहे हे मला पहाटेच कळले. मोर ओरडतात, कधी एखादा रस्ता ओलांडतो, तेही आपली वाट अडवल्याबद्दल आपणच माफी मागावी अशा थाटात.

मी इथे 'पळते' असे लिहीत आहे, पण बोलताना मी 'पळतो' म्हणते. कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो', 'मी गेलो' असेच बोलतात आणि पुण्याच्या मैत्रिणींना त्याचे हसू येते. त्यांना दुसरे हसू येते ते पळण्याचे. त्यांच्या मते व्यायामासाठी माणूस धावतो, आणि पळतो तो पोलीस मागे लागल्यावर. असेल. पण धावणे हा शब्द मला नेहमी बक्षीस समारंभातला वाटत आला आहे. साडेपाचला, डोळ्यांवर झोप असताना, प्रयोगशाळेत काल चुकलेल्या टायट्रेशनपासून दूर जाण्याची जी क्रिया मी करते तिला पळणे हाच शब्द बरोबर आहे.

त्या वेळेला रस्त्यावर मी एकटी नसते. निवृत्त मंडळी हातातली काठी न टेकवता चालत असतात, आणि भरतीची मुले-मुली असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावे लागते, आणि 50 पैकी 20 गुण त्या एका धावेला असतात. त्यामुळे ही मुले सेकंद मोजत पळतात. आसपासच्या गावांतून येऊन, खोली घेऊन, वर्ष-दोन वर्षे हाच दिनक्रम पाळणारी ही मुले मला आधी फार लाजवीत. त्यांच्यातली एक मुलगी मला एखाद्या दिवशी दिसली नाही तर हमखास आजारी असते. मला मात्र कुणी गुण देणार नव्हते, माझी उंची कुणी मोजणार नव्हते, आणि म्हणूनच माझ्याकडे न जाण्याची कारणे विपुल होती. सक्तीने जे जमते ते हौसेने जमवणे अधिक कठीण, हे मी त्या मुलीला एकदा सांगून पाहिले. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

सुरुवातीचे माझे पळणे फोनमधल्या एका ॲपच्या हाती होते. सलग किती दिवस झाले हे ते ॲप ज्वाळेच्या चित्रासह दाखवी, आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येई. सतरा दिवसांपर्यंत माझी ज्वाळा पेटती राहिली. अठराव्या दिवशी सेमिनार होता, रात्री तीनपर्यंत स्लाइड करत बसले, आणि सकाळी काकूंची बादली वाजली तेव्हा कूस बदलून झोपले. दुपारी फोन उघडला तर शून्य. त्या शून्याकडे पाहून मला जे वाटले त्याला पश्चात्ताप म्हणणे जड होईल, ती थोडीशी सुटका होती. आता नव्याने मोजायचेच आहे तर उद्याच कशाला, सोमवारपासून मोजू. सोमवारी वाटले, एक तारखेपासून. अशा रीतीने एका दिवसाच्या चुकीचे मी पाच आठवडे केले.

त्याच सुमारास एका एक तारखेला काकू आणि दूधवाला यांच्यात फाटकाशी वाद झाला. काकूंच्या कॅलेंडरवर चार खाडे होते आणि दूधवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे तीनच. बाविसाव्या तारखेला आपण आलो होतो, तुम्हीच घरी नव्हता, पातेले शेजारी ठेवून गेलो, असे तो शपथेवर सांगत होता. शेजारणीची साक्ष निघाली, पातेल्याचा रंग निघाला, मागच्या दिवाळीतला एक जुना खाडाही उकरून निघाला. कोल्हापुरात दुधाच्या बाबतीत माणसे गंभीर असतात. संध्याकाळी डोळ्यांदेखत म्हैस पिळून घेतलेले दूध तिथेच उभे राहून पिणाऱ्या या गावात एका लिटरवरून दहा मिनिटे भांडणे हे काही जास्त नाही. मी खिडकीतून ऐकत होते. भांडण साडेतीन खाड्यांवर मिटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नेहमीसारखी कॅन वाजली. एका खाड्यावरून इतके रामायण झाले, पण रतीबच बंद करावा असे दोघांपैकी कुणाच्या मनातही आले नाही. मी मात्र एका खाड्यासाठी आख्खा रतीब मोडून बसले होते.

ते ॲप मी काढून टाकले आणि फुल्यांचे कॅलेंडर लावले. यात एक फरक आहे, तो वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. ॲप गेलेले दिवस मोजत होते. कॅलेंडर न गेलेले मोजते. गेलेल्या दिवसांची रास मोडली की मनही मोडते, पण न गेलेल्या दिवसांची रास वाढू नये एवढीच माणसाची इच्छा असते, आणि ती इच्छा आळशी माणसालाही परवडते.

पुढे कधीतरी ग्रंथालयात बसून मी, माझ्या विषयाशी काहीही संबंध नसलेला, एक शोधनिबंध वाचला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी 96 जणांना रोजच्या एखाद्या ठरावीक प्रसंगाला, म्हणजे न्याहारीनंतर वगैरे, एक नवी कृती जोडायला सांगितली आणि बारा आठवडे ती कितपत अंगवळणी पडते ते पाहिले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधातला 66 दिवसांचा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण तो मधला आकडा आहे. त्यांच्या अंदाजानुसार कुणाला 18 दिवस पुरले असते, तर कुणाला 254 लागले असते. मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते दुसरेच: एखादी संधी चुकल्याने सवय लागण्याच्या क्रियेत फारसा फरक पडत नव्हता. काकूंची बादली हा माझा ठरावीक प्रसंग होता, हेही मला तेव्हाच उमगले.

अर्थात प्रत्येक खाडा सारखा नसतो. मेसमध्ये नियम लिहून ठेवला आहे की सलग तीन दिवसांपेक्षा कमी गैरहजेरी असेल तर खाडा धरला जाणार नाही. या नियमावर आम्ही सगळ्या वर्षभर चिडतो, पण शरीराचा नियमही साधारण असाच आहे, फक्त त्याची मुदत थोडी उदार आहे. चार-सहा दिवस पळाले नाही तर शरीर ते मनावर घेत नाही. दोन आठवडे उलटले की मात्र दम कमी पडू लागतो, आणि तो कमी पडलेला पहिल्याच चढावर कळतो. गेल्या सत्रपरीक्षेच्या वेळी माझे सलग तेवीस खाडे पडले. शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळी थकबाकी एका सकाळी फेडायला निघाले आणि पाचऐवजी आठ किलोमीटर पळून आले. तिसऱ्या दिवशी नडगी अशी भरून आली की जिना आडवी होऊन उतरत होते. हृदय आणि फुप्फुसे लवकर पूर्वपदावर येतात, हाडे आणि स्नायुबंध सावकाश येतात. त्यामुळे आपल्याला जमते आहे असे वाटत असतानाच पाय मोडीत निघत असतात. खाड्याचे पैसे वजा होतात, ते दूध दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचे नसते, एवढे साधे व्यवहारज्ञान मला त्या नडगीने दिले.

पळण्याने अभ्यास चांगला होतो, असे सांगणारे बरेच भेटतात. मी त्यांच्यात नाही. सकाळी पळून आलेल्या दिवशी दुपारी दोनच्या तासाला माझ्या पापण्या जड होतात, आणि स्पेक्ट्रोस्कोपीसारख्या विषयात तर त्या मिटतातच. फायदा असेल तर तो एवढाच की रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर मी उद्याच्या व्हायव्हाचे प्रश्न स्वतःला विचारत बसत नाही. झोप विचारू देत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 75 मिनिटे जोमदार किंवा 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. आठवड्यात तीन खाडे धरूनही माझे चार दिवस उरतात, प्रत्येकी पस्तीस मिनिटांचे, म्हणजे 140 मिनिटे. हे गणित मी परीक्षेच्या आदल्या रात्री करते आणि निर्धास्तपणे गैरहजर राहते.

रविवारी मात्र मी गणित करत नाही, रंकाळ्यावर जाते. तिथे पळणाऱ्यांपेक्षा पळून झाल्यावर काय खायचे याची चर्चा करणारे अधिक असतात आणि शालिनी पॅलेस पाण्याच्या काठाशी शांतपणे उभा असतो. शनिवारी रात्री मेसमध्ये तांबडा रस्सा असतो. तो वाटीभर जास्त घेतलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी रंकाळ्याची फेरी मारू नये, हा सल्ला मी पुस्तकातून घेतलेला नाही.

या शहरात विद्यार्थ्याने घाम गाळणे ही काही नवलाई नाही. कुस्तीगीर खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते, आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांच्या प्राचार्यांनी राहते घर गहाण टाकून पैसे उभे केले, ही हकीकत इथे आजही अभिमानाने सांगितली जाते. त्याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याने 5000 मीटर, 10000 मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. तालमीत पहाटे जोर काढणाऱ्या पोरांना झाटोपेक माहीत असण्याचे कारण नाही, पण तालमीत न आलेल्या दिवसाला तीही खाडाच म्हणतात.

सध्या पावसाळा आहे, आणि माझ्या जुलैच्या पानावर अकरा फुल्या आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. आमच्या गल्लीत पुराचे पाणी येत नाही, पण बूट वाळत नाहीत. त्यांत कोंबायला मी काकूंकडे रद्दी मागते आणि त्या प्रत्येक पान राशिभविष्यासाठी एकदा तपासून मगच देतात. परवा त्यातल्या एका पानावर नदीची पातळी होती, ते पान उजव्या बुटात गेले.

खरी अडचण पावसाची नाही. अंगण आपोआप ओले असते, म्हणून काकूंच्या सड्याचेच खाडे पडतात. बादली वाजत नाही आणि फाटकही उघडत नाही. चार दिवसांपूर्वी रात्री त्यांनी जादाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "पावसात मला उठवू नकोस बाई," एवढेच म्हणाल्या. किल्ली मी कॅलेंडरच्या खिळ्यालाच अडकवली आहे. तीन दिवस ती तिथून हलली नाही. आज साडेपाचला हलली, पण सायबर चौकापर्यंत पोचते न पोचते तोच सर आली, आणि मी एका बंद टपरीच्या पत्र्याखाली भरतीच्या त्या मुलीशेजारी उभी राहिले. हा दिवस खाड्यात धरायचा की नाही, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.