भिडेची शिल्लक

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला दुकानासमोर सायकल स्टँडवर चढवल्याचा खट् असा आवाज आला की अण्णा मान वर न करता म्हणायचे, "आले बघा वसुलीवाले." पतसंस्थेसाठी रोजची बचत दारोदार गोळा करणारे पिग्मीवाले काका हसायचे. कॅरिअरला अडकवलेली रेग्झिनची बॅग काढून स्टुलावर टेकायचे आणि कधीही पैसे मागायचे नाहीत. पाऊस, तुरीचा भाव, कुणाच्या तरी मुलीचं जमलेलं लग्न, असं काहीबाही बोलत बसायचे. तेवढ्या वेळात अण्णा हात चिंध्यांना पुसून गल्ला उघडत, आत उगाच खुडखुड करत आणि पाचची नोट काढून देत. काका कार्डावरच्या त्या दिवसाच्या चौकटीत पाचचा आकडा घालत, खाली बारीक सही करत, आणि मगच चहाला हो म्हणत.

बार्शीत आमचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर, ओव्हरायलिंग आणि तासावर भाड्याच्या सायकली. असल्या दुकानाचा पैसा विचित्र असतो. नोकरदाराला महिना माहीत असतो, दुकानदाराला फक्त आजचा दिवस. सकाळी भवानी लवकर झाली की अण्णांची कळी खुललेली, दुपारपर्यंत गिऱ्हाईक नाही आलं की जगबुडी. आणि रोज येणारा पैसा रोजच पाय काढतो. पाच वाजता शेजारच्या गाड्यावरून भजी यायची, दुकानात जो असेल त्याला. पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकालाही. त्याच्याकडून पंक्चरचे पैसे घ्यायचे आणि भज्यांचे स्वतःच्या खिशातून द्यायचे, हा धंदा कुठल्या शास्त्रात बसतो ते आईने त्यांना आयुष्यभर विचारलं.

लहानपणी मला वाटायचं की अण्णा मोठे काटकसरी. रोज न चुकता पैसे टाकणारा माणूस म्हणजे काटकसरीच असणार. मिशी फुटल्यावर लक्षात आलं, की त्यांच्या हातात पैसा टिकतच नसे. ते पिग्मी भरत ते केवळ काकांना "आज राहू द्या" म्हणण्याची लाज वाटत होती म्हणून. माणूस दोन मैल सायकल मारत दारात आलाय, त्याला रिकामं कसं पाठवायचं? ज्या दिवशी खरंच गल्ल्यात काही नसे त्या दिवशी अण्णा शेजारच्या शिंप्याकडून पाच रुपये उसने आणून पिग्मी भरत. म्हणजे कर्ज काढून बचत. 'भीड भिकेची बहीण' असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या घरापुरती तरी ती शिलकेची आई होती.

ही पिग्मीची कल्पना आपल्याकडची नाही, खाली उडुपीची. तिथल्या सिंडिकेट बँकेने, म्हणजे डॉ. टी. एम. ए. पै आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी काढलेल्या बँकेने, १९२८ साली ती सुरू केली. माणूस रोज दारात पाठवायचा आणि दोन आणे घेऊन जायचं. नावच पिग्मी, ठेंगू. ती बँकसुद्धा २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण तिने काढलेला शब्द आमच्याकडच्या पतसंस्थांनी असा उचलला की बाजारपेठेतल्या कुठल्याही दुकानदाराला तो मराठीच वाटतो. 'पिग्मी मोडली' हे वाक्य बार्शीत 'हाड मोडलं' याच सुरात म्हणतात. पोराची फी भरायची, पिग्मी मोडा. पावसाळ्याआधी पत्रे बदलायचे, पिग्मी मोडा.

दोन आणे भरायला बँकेत कोण जाईल? जायला कष्ट नाहीत, जायची लाज असते. दोन आण्यांसाठी काऊंटरवर उभं राहायची लाज. ती लाज पैंनी उचलून आपल्या एजंटावर घातली आणि न देण्याची लाज गिऱ्हाइकावर ठेवली. हे ज्याला सुचलं त्याला माणूस कळलेला होता.

खर्चाचंही आमच्याकडे तेच. गणपतीच्या वर्गणीला पोरं आली की अण्णा आधी पावतीपुस्तक हातात घेत आणि मागच्या स्थळप्रती उलटत. शेजारच्या शिंप्याने किती दिले? एकवीस. समोरच्या किराणावाल्याने? एक्कावन्न. मग अण्णा बराच वेळ डोकं खाजवून एकतीस देत. शिंप्याच्या वर, किराण्याच्या खाली. त्यांची समाजातली नेमकी जागा दर वर्षी त्या पुस्तकात छापून येत असे.

आईची भिशी होती. अकरा बायका, महिन्याला पन्नास रुपये, वाटीतून चिठ्ठी काढायची. तिथे कुणी हप्ता बुडवल्याचं मी ऐकलेलं नाही. कशी बुडवतील, दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्यांची गाठ पडायची.

पुढे मी पुण्यात नोकरीला लागलो आणि पहिल्यांदाच महिना नावाची गोष्ट पाहिली. एक तारखेला एवढी रक्कम एकदम हातात! गल्ल्याच्या घरातलं पोर, मला ते सगळे पैसे त्या दिवसाचेच वाटले. पहिले सहा महिने मी दहा तारखेपर्यंत राजा आणि वीस तारखेनंतर मित्रांच्या डब्यावर होतो. मला सावरलं ते पोस्टाच्या एजंटबाईंनी. महिला प्रधान योजनेतल्या त्या एजंट पगाराच्या आठवड्यात ऑफिसात यायच्या, टेबलाटेबलावर फिरून आरडीचे, म्हणजे दरमहा भरायच्या ठेवीचे, हप्ते गोळा करायच्या. माझ्यापाशी येऊन पहिल्यांदा म्हणाल्या, "भाऊ, शंभराची तरी काढा, पाच वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातात." नाही म्हणणार होतो, पण त्यांनी कार्डावर माझं नाव लिहायला घेतलंही होतं. साठ हप्ते. त्यातले निदान दहा मी त्यांना जिना चढताना पाहून, शेजाऱ्याकडून घेऊन भरले आहेत. अण्णांचाच मुलगा. मुदत संपली तेव्हा आलेल्या पैशांत थोडी भर घालून रंगीत टीव्ही घेतला. बाईंना पेढे दिले, त्यांनी ते खाता खाता नवीन फॉर्म पुढे सरकवला.

आता माझी बचत पाच तारखेला पहाटे कधीतरी आपोआप होते. एसआयपी, म्हणजे शेअर बाजाराच्या म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारा ठरलेला हप्ता. मोबाइलवर मेसेज येतो, इतके रुपये गेले. कोण घेऊन गेलं, पाऊस होता का, काही नाही. मुलीने सुरू करून दिली, तेव्हा म्हणाली, "बाबा, याचा फायदा काय माहीत आहे का? यात माणूसच नाही." हाच त्यातला तोटा आहे हे मला मार्च २०२० मध्ये कळलं. २३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्क्यांनी आपटला. घरात कोंडलेलो, हातात फोन. मी ॲपमध्ये शिरलो आणि दोनदा बोट टेकवून एसआयपी थांबवली. 'खात्री आहे का?' असं ॲपने विचारलं, पण त्याच्या विचारण्यात काही दम नव्हता. काका स्टुलावर बसलेले असते तर माझ्या तोंडून ते निघालं असतं का? पुढे बाजार वर गेला आणि मी खाली बसून पाहत राहिलो. मुलीला हे मी अजून सांगितलेलं नाही.

गंमत म्हणजे बचतीतून माणूस गेला आणि खर्चात एक बोलका डबा आला. आमच्या भाजीवाल्याने गाडीला तो लावलाय. परवा मी दोन लिंबं घेतली आणि कोड स्कॅन केला. डबा भर गर्दीत गरजला, "दहा रुपये प्राप्त झाले!" मागे उभ्या असलेल्या तिघांनी माझ्याकडे पाहिलं. निदान मला तसं वाटलं. तर मी फ्लॉवर घेतला, पावशेर मटार घेतले, आलं घेतलं, आणि डब्याकडून एकशे चाळीस रुपयांचा जाहीर उच्चार करून घेऊन मगच हललो. घरी फ्लॉवर आधीच होता. त्या दिवसापासून लिंबं रोखीने घेतो.

काकांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी पुण्यात असतानाच ती पतसंस्था बुडाली. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही, हे तेव्हा बाजारपेठेत कुणाला ठाऊक होतं? अण्णांची सव्वा वर्षाची पिग्मी अडकली, रोजच्या पाचाच्या हिशेबाने दोन हजार दोनशे पन्नास. पुढे तीन वर्षांनी त्यातले निम्मे मिळाले. काका साधे एजंट, त्यांच्या हातात काही नव्हतं, त्यांचे स्वतःचेही पैसे आत होते. पण ते आमच्या रस्त्यानेच यायचे बंद झाले.

दिवाळीला गावी गेलो होतो. संध्याकाळी दुकानात बसलेलो असताना समोरून काका जाताना दिसले, सायकल हातात धरून. मागचं चाक पार बसलेलं. रिमवरच ढकलत नेत होते, मान खाली, पलीकडच्या कडेने. अण्णांनी एक क्षण पाहिलं आणि मला म्हणाले, "जा, सायकल घेऊन ये. माणूस नाही आला तरी चालेल, सायकल आण."

दोघंही आले. अण्णांनी एक शब्द न बोलता टायर सोडवला, ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधले, कानस मारली, सोल्युशन लावलं, फुंकर घातली. काका स्टुलावर न बसता उभेच होते. तुरीच्या भावाचा विषय निघाला नाही. हवा भरून झाली तेव्हा काकांनी खिशातून दोन रुपये काढले. मला वाटलं, अण्णा हात जोडणार, असू द्या म्हणणार. अण्णांनी ते दोन रुपये घेतले, नीट पाहिले आणि गल्ल्यात टाकले.

काका गेल्यावर मी म्हणालो, "अण्णा, त्यांच्याकडून कशाला घेतले?"

"नसते घेतले तर परत आला असता का तो?"

चार दिवसांनी मी पुण्याला निघालो त्या संध्याकाळी साडेसातला दुकानासमोर खट् आवाज झाला. काका होते. बॅग नवी, कार्डं वेगळ्या रंगाची, दुसऱ्या संस्थेची. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "यंदा थंडी उशिरा पडणार म्हणतात." अण्णांनी हात पुसले आणि गल्ला उघडला. आत स्वयंपाकघरात आईने पातेलं जरा जास्तच जोरात आपटलं.