रोटॅक्स ५०३ उन्हाळ्यासाठी झोपवताना: यंदा आधी क्रँक, मग बाकीचं

तर मंडळी, ३१ मार्चला मिशिगनचे स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) ट्रेल बंद झाले. आमच्या होटनला अंगणाच्या कडेला अजून कमरेएवढा ढीग उभा आहे, हा भागच केविनॉचा, वर्षाला सरासरी दोनशे इंचांच्या वर बर्फ पडतो, पण आता नुसता पाणचट झालाय आणि दुपारी छपरावरून धारा लागतात. म्हणजे स्लेड (स्नोमोबाइलच ती) उन्हाळ्यासाठी झोपवायची वेळ झाली. माझी स्लेड म्हणजे नव्वदच्या दशकातली स्की-डू स्कँडिक, इंजिन रोटॅक्स ५०३, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, पंख्याच्या हवेवर थंड होणारं, ७२ मिमीचा बोअर (सिलेंडरचा व्यास) आणि ६१ मिमीचा स्ट्रोक (पिस्टनची धाव). रेडिएटर नाही, कूलंट नाही, एक काम वाचलं.

आधी गेल्या वर्षीचं सांगतो, कारण यंदाचं सगळं काम त्याच्यावरूनच ठरलं. गेल्या एप्रिलमधे मी घाईत फक्त प्लग काढले, भोकातून फॉगिंग ऑइल (साठवणीआधी आत फवारायचं, गंज टाळणारं ऑइल) मारलं, दोन-चारदा दोरी ओढली आणि कव्हर टाकून मोकळा झालो. डिसेंबरमधे इंजिन पहिल्या-दुसऱ्या ओढीत चालू झालं, पण खालून एक घरघर, जात्यावर दळताना येते ना तशी. पहिल्यांदा वाटलं क्लच असेल. बेल्ट काढून बघितलं तरी आवाज तोच. शेवटी इंजिन खाली घेऊन केस उघडली तर क्रँकचं, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, क्लचच्या बाजूचं मेन बेअरिंग गेलेलं. ते धुऊन उन्हात धरलं तेव्हा कळलं. आतल्या रिंगवर तपकिरी डाग, आणि ते कुठेही नाही, सारख्या सारख्या अंतरावर, म्हणजे उन्हाळाभर प्रत्येक गोळी जिथे टेकून बसली होती तिथे नेमका एकेक डाग. नख फिरवलं की खड्डा लागायचा. बेअरिंग टोकाचं होतं म्हणून क्रँक फोडावा लागला नाही, पण केस उघडली म्हणजे सील, गास्केट सगळं नवीन, आणि अख्खा जानेवारी स्लेड गॅरेजमधे.

आता हे का होतं? टू-स्ट्रोकला खाली ऑइलचा साठा नसतो. क्रँकच्या बेअरिंगला जे काही वंगण मिळतं ते कार्बमधून (कार्बोरेटर) पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑइलच्या धुक्यातूनच, इंजिन बंद की तेही बंद. शिवाय ५०३ पिस्टन-पोर्ट इंजिन आहे, पिस्टन वर थांबला की कार्बकडून क्रँककेसमधे (क्रँकभोवतीच्या पेटीत) सरळ रस्ता उघडा राहतो. उन्हाळ्यात दिवसा गरम रात्री गार, इंजिन त्या रस्त्याने दमट हवा आत घेतं, सकाळी क्रँकचं जड लोखंड गारच असतं आणि त्याला घाम फुटतो. प्लगच्या भोकातून मारलेलं ऑइल पिस्टनच्या डोक्यावर आणि सिलेंडरला लागतं, तेही हवंच, पण रिंगांच्या खाली क्रँकपर्यंत जवळजवळ काहीच उतरत नाही. खाली ऑइल न्यायचं तर चालू इंजिनमधे कार्बच्या तोंडातूनच न्यायला पाहिजे.

मी मूळचा मालवणचा. तिकडे आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या ओढून झापांनी शाकारायच्या आणि मशीन घरात आणायचं. माझे काका आउटबोर्ड (होडीमागे लावायचं इंजिन) आधी गोड्या पाण्यात फिरवायचे, आणि बंद करता करता कार्बमधे ऑइल सोडायचे, इतका धूर व्हायचा की आजी पडवीतून ओरडायची. मला लहानपणी वाटायचं उगाच मशीनला त्रास देतात. बर्फातलं मशीन आणि खाऱ्या पाण्यातलं मशीन, औषध एकच निघालं!

शनिवार

सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली, इथे इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळतं, रेक गॅस म्हणतात, थोडं महाग पडतं पण साठवणीला मी तेच घेतो. साध्या पेट्रोलमधे १० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकी रिकामी ठेवली तर वरच्या हवेतलं पाणी आत सुटतं ते वेगळंच. त्यात स्टॅबिलायझर टाकला, डब्यावर लिहिलेल्या मापाने, अडीच गॅलनला एक औंस, आणि इंजिन दहा-बारा मिनिटं चालवलं, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल कार्बपर्यंत पोचतं. इंजिन गरमही होतं, ते पुढच्या कामाला बरं.

मग फॉगिंग. हे कृपा करून बाहेर करा, गॅरेजचं दार उघडं ठेवून आत नाही, धूर भयंकर होतो आणि कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. शेजारचे आजोबा, फिनिश वंशाचे, ऐंशीच्या पुढचे, ते किल स्विचवर (इंजिन लगेच बंद करायचं बटण) हात ठेवून उभे राहिले. एअरबॉक्सचे (कार्बला हवा पुरवणारा डबा) क्लॅम्प सोडवून तो बाजूला केला, इंजिन आयडलच्या जरासं वर ठेवलं आणि दोन्ही कार्बमधे आलटून पालटून फवारा मारत गेलो. एअरबॉक्स नसताना मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, त्यामुळे थ्रॉटल अजिबात पिळू नका. आधी निळसर धूर, मग पांढरा, मग इतका दाट की आजोबाच दिसेनात, इंजिन धापा टाकायला लागलं की मी हात आखडता घ्यायचो, ते सावरलं की परत. शेवटी दोन्हीकडे एकेक लांब फवारा मारला आणि इंजिन त्यातच बुडून बंद पडलं. अर्धा डबा गेला. आजोबा एवढंच म्हणाले, "नाऊ द बॉटम इज वेट." माझ्या जीवात जीव आला.

त्यानंतर प्लग काढले, त्यांच्या वायर अर्थला लावल्या, प्रत्येक सिलेंडरमधे दोन-तीन सेकंद फवारा, दोरी सावकाश तीनदा ओढली, प्लग परत. जुनेच लावलेत, डिसेंबरमधे पहिला धूर निघून गेला की नवीन टाकणार, कारण फॉगिंगनंतर पहिल्याच स्टार्टला प्लग ऑइलने माखतात.

पेट्रोलचा नळ बंद करून दोन्ही कार्बचे फ्लोट बोल (तळाच्या पेट्रोलच्या वाट्या) रिकामे केले. हे टाळू नका. पेट्रोल सुकलं की पायलट जेटमधे (आयडलला पेट्रोल सोडणारी बारीक नळी) मधासारखा चिकटा बसतो, आणि ते भोक केसाएवढं, एकदा बुजलं की कार्ब उघडल्याशिवाय सुटका नाही.

रविवार

बाकीचं भराभर. ड्राइव्ह बेल्ट काढून खुंटीला टांगला, कारण बेल्ट आणि क्लचच्या ताटल्यांमधे ओल धरते. क्लचच्या ताटल्यांना ऑइल नाही म्हणजे नाही. सस्पेंशनच्या निपलांमधे ग्रीस भरलं, जुनं पाणी मिसळलेलं पांढरट ग्रीस बाहेर येईपर्यंत. ट्रॅक (बर्फावर फिरणारा रबरी पट्टा) ढिला केला, मागची बाजू ठोकळ्यांवर उचलली.

उंदरांचा मात्र बंदोबस्त नीट करा, विशेषतः पंख्यावाली इंजिनं असतील त्यांनी. पंख्याच्या कव्हरखाली सिलेंडरच्या पंखांमधे (थंड व्हायला असलेल्या पात्यांमधे) घरटं केलं तर वरून काहीच दिसत नाही, तिथली हवा अडते आणि पहिल्याच लांब राइडला तो सिलेंडर जॅम होऊ शकतो. मी एअरबॉक्सच्या तोंडावर आणि सायलेन्सरमधे स्टील वूल कोंबलं आणि हँडलला लाल फडकं बांधलं. फडकं दिसलं की आधी बोळे काढायचे, मगच दोरी.

बरेच जण विचारतात, मधेमधे उन्हाळ्यात पाच मिनिटं चालू करावं का? माझं मत, अजिबात नको. जळलेल्या पेट्रोलची वाफ आत राहते आणि तुम्ही लावलेलं ऑइल धुऊन जातं, म्हणजे फॉगिंग परत पहिल्यापासून.

चेनकेसचं (ज्यात ड्राइव्हची चेन फिरते तो डबा) ऑइल तेवढं राहिलंय, झाकणाचं गास्केट यायचंय. आलं की पुढच्या शनिवारी तेही उरकतो आणि चेनला किती ढील निघाली ते इथेच लिहितो.